सातव्या वर्षाचं कापड

कापड रत्नमालेनेच उचललं होतं, आणि शनिवारी सकाळी सहा वाजता ही गोष्ट त्या घरात तिच्याशिवाय एकालाही ठाऊक नव्हती.

शुक्रवारी दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावून ती बाल्कनीत आली, तेव्हा कठड्याच्या गजाला बांधलेलं ते निळं कापड वाऱ्यावर फडफडत होतं. पंच्यापेक्षा लहान, धुऊन धुऊन विरलेलं, तान्ह्याला गुंडाळायचं असावं तसं. मुलगा देवेंद्र आणि सून ओर्ला खाली दुकानात गेलेले. सुनेला सातवा महिना, आणि बाळाचं कापड तिन्हीसांजेला उघड्यावर! अख्ख्या देवगड तालुक्यात असं कुणी केलं नसतं. तान्ह्याची वस्तू सूर्य बुडायच्या आत घरात यायला हवी. रात्रीचं वाऱ्यावरून काय काय जात असतं, त्याची नजर पडू द्यायची नसते. रत्नमालेला हे तिच्या सासूने सांगितलं होतं, आणि सासूने सांगितलेल्या ज्या दोन-चार गोष्टी तिने मानल्या त्यांतली ही एक. तिने गाठी सोडल्या, कापड डेटॉलच्या पाण्यात बुडवून पिळलं, आपल्या बाथरूममधल्या दांडीवर वाळवलं, आणि सकाळी सुनेला चार शब्द सुनावून मग हातात द्यायचं म्हणून कपाटात लुगड्यांखाली ठेवून दिलं. त्या रात्री तिला छान झोप लागली. चार वर्षं झाली कुवेतमधल्या सबाह अल-सालेमच्या या पाचव्या मजल्यावर येऊन. आपल्यावाचून या घराचं काही अडतं असं वाटण्याचे प्रसंग कमीच.

सकाळी चहाचं आधण ठेवायला ती उठली, तर ओर्ला बाल्कनीत अनवाणी उभी. एका हाताने पोट धरलेलं, दुसऱ्याने रिकामा गज.

"खाली पडलं असेल गं," देवेंद्र म्हणत होता. "रात्री वारा होता."

"दोन गाठी मारललंय मी," ओर्ला म्हणाली. "वारो गाठी सोडता?"

ओर्लाचं मराठी हे असं. बँकेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याचं पुस्तकी मराठी तिला आलंच नाही. जे आलं ते सासूच्या तोंडून आलं, म्हणून मालवणीच आलं. मराठी मंडळाच्या बायका पहिल्यांदा हसल्या, तेव्हा रत्नमालेने विचारलं होतं, "तुमच्या सुना काय बोलतत? थँक्यू नि सॉरी. माजी भांडता सुद्दा मालवणीत." त्यानंतर कोणी हसलं नाही.

देवेंद्र पायजम्यावरच खाली गेला, गाड्यांखाली वाकून बघून आला. हात हलवीत आला. ओर्ला रडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि मांडीवरच्या रिकाम्या जागेवर कापडाची घडी घालावी तसे हात फिरवत राहिली. ते रत्नमालेला बघवलं नाही. ती स्वयंपाकघरात आली. रात्री वस्तीला राहिलेली नात अक्षरा तिथे दूध पीत होती.

"कसला गो तां कापड? एवढा काय तेच्यात?"

"आजी, इट्स ब्लेस्ड," अक्षराने सांगितलं. बारा वर्षांची पोर, पण मामीचं सगळं तिला माहीत. "आज सेंट ब्रिजिड्स डे ना, मामीच्या आयर्लंडचा. आदल्या रात्री ब्रिजिड सगळ्यांच्या घरांवरून जाते. कापड बाहेर ठेवलं की ती टच करते. मग ते जपून ठेवायचं. डोकं दुखलं की बांधायचं, अँड बेबी होताना हातात धरायचं. मामी बॉर्न झाली तेव्हा तिच्या मॉमच्या हातात तेच होतं. मामी कुवेतला निघाली तेव्हा मॉमने दिलं. आता मामीने स्वतः सेव्हन इयर्स बाहेर ठेवलं की तिच्यासाठी त्याची पॉवर पूर्ण होते." तिने बोटं मोजली. "हे सातवं होतं."

रत्नमालेने गॅस बारीक केला. एवढी वर्षं तिला हे दिसलं कसं नाही, याला कारण साधं होतं: जानेवारीत ती कधी इथे नसायचीच. गावच्या देवीची जत्रा करून, शिमगा आटपूनच ती परतायची. यंदा सुनेचं पोट बघून राहिली. राहिली, आणि हे करून बसली.

ओर्लाची आई कोरोनात गेली. विमानतळ बंद. पोरीने आईची माती फोनवर बघितली होती, याच स्वयंपाकघरात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून. दोन वर्षांपूर्वी पहिलं पोट चौथ्या महिन्यात रिकामं झालं, तेव्हा रत्नमाला गावात होती, आणि ही एकटी ते निळं कापड घेऊन निजली असणार.

रात्रीच्या वाऱ्यावरून जे जातं, त्याच्यापासून तिने कापड लपवलं होतं. आणि सुनेने ते ठेवलं होतं त्याच वाऱ्यावरून येणाऱ्या कोणासाठी.

आत्ता जाऊन कपाट उघडलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण मध्ये ती बरणी होती. गेल्या वर्षी फ्रिजमधली ओर्लाची बरणी, पाव फुगवायचं जुनं आंबवण, रत्नमालेने नासलं म्हणून मोरीत ओतलं होतं. तीन वर्षं जगवलेलं होतं म्हणे ते. भांडण झालं, आणि शेवटी रत्नमालेने देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "आजपासून तुज्या वस्तूक माजो हात लागलो तर माजा नाव बदल." रत्नमालेने आयुष्यात शब्द फार थोडे दिले होते. एकही मोडला नव्हता. ही तिची सगळी इस्टेट. तिसरीतून शाळा सुटली, नवरा तेरा वर्षं इथे कुवेतला, अर्दियातल्या वखारीत सुतारकी करत राहिला, ती गावात दोन पोरं आणि सासू घेऊन राहिली, तेव्हा वाण्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे तिला एवढ्यासाठीच वचकून असत: रत्नमाला बोलली की बोलली.

तिने चहा गाळला. कपाट उघडलं नाही.

*

दहा वाजता उल्का आली. फिंतासहून गाडी हाकत, मागच्या सीटवर तिळाचे लाडू, हळदीकुंकवाचं तबक, वाणाच्या स्टीलच्या वाट्या, ओटीचा नारळ. रत्नमालेची ही थोरली लेक, अक्षराची आई, एका कंपनीचे हिशोब सांभाळते आणि माहेरचा कारभारही. ओर्लाच्या मैत्रिणी ब्रिजिडसाठी येणारच होत्या. रथसप्तमी अजून व्हायची होती. मग हळदीकुंकू आणि सातव्या महिन्याची ओटी एकाच दिवशी उरकू, हे उल्कानेच ठरवलं होतं. बाळंतपणात आत एकालाच सोडतात, आणि ते एक माणूस आपण, हेही तिनेच ठरवलेलं. देवेंद्र रक्त बघून आडवा होतो, हे चौथीत त्याचा गुडघा फुटला तेव्हापासून जगजाहीर होतं. ओर्ला त्यावर हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती.

"कापड हरवत नाही, उचललं जातं," उल्का चपला काढता काढताच म्हणाली. रत्नमालेच्या हातातली वाटी क्षणभर थांबली. "मी खाली गाडी लावली ना, तो तुमच्या इमारतीचा हारिस, वॉचमन, गाड्या पुसत होता. बादलीत निळं फडकं."

"ताई, निळी फडकी कुवेतभर असतात," देवेंद्र म्हणाला.

"पहाटे अंगण कोण झाडतं? तोच. पडलं असेल, त्याने उचललं असेल, गाडी पुसायला घेतलं असेल. मुद्दाम असं मी म्हणत नाही. पण विचारायला काय हरकत?"

"मुस्तफाला? परवा त्यानेच ओर्लाला खजुराच्या झावळ्या तोडून दिल्या. आयर्लंडहून ते गवताचं पार्सल आलं नाही म्हणून. मागच्या झाडावर चढला तो, या वयात."

"म्हणजे वर येतो-जातो."

"ताई!"

"तू गप. तुला माणसं कळत नाहीत. आई, तू सांग याला."

सगळ्या आयुष्यात उल्का जेव्हा जेव्हा "आई, तू सांग" म्हणाली होती, तेव्हा तेव्हा रत्नमालेने सांगितलं होतं. आज ती म्हणाली, "लाडू झाकून ठेव, मुंग्ये लागतीत," आणि आत गेली.

आतून तिला ओर्लाचा आवाज आला. "ताई, नको. गेला तां गेला."

"अगं, गेलं कसं? तुझ्या आईचं ना ते?"



*

चार वाजेपर्यंत हॉल भरला. एका बाजूला ओर्लाच्या शाळेतल्या चार शिक्षिका आणि मॉयरा, पंचवीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढलेली उंच, पांढऱ्या केसांची नर्स. दुसऱ्या बाजूला मराठी मंडळाच्या सहा बायका काठापदरांत. मध्ये सतरंजीवर खजुराच्या हिरव्या पातींचा ढीग. तबकात कुंकू, बाजूला ओर्लाने नुकताच भाजलेला सोड्याचा पाव आणि लोणी. ओर्लाने आईचं कापड गेलेल्या दिवशीही पाव भाजला होता. जाडजूड, वर फुली मारलेला, चांगला तांबूस. रत्नमालेने तो बघितला आणि मनात म्हणाली, ही माझीच सून. दुसऱ्या कोणाची तोंड झाकून निजली असती.

स्वतः ती कुंकवाच्या तबकापासून चार हात लांब, खिडकीपाशी बसली होती. नवरा मोरेश्वर जाऊन नऊ वर्षं झाली. तिला कोणी लांब बसवलं नव्हतं. कोणी बसवायच्या आधी आपणच बसायचं, ही तिची रीत.

मॉयराने पात हातात घेतली आणि ब्रिजिडचा क्रूस कसा करायचा ते दाखवू लागली. एक पात सरळ, दुसरी त्यावर दुमडून, फिरवायचं, पुन्हा दुमडून, फिरवायचं. मधे चौकोन विणत जातो, चार बाजूंना चार हात फुटतात. हा दारावर लावायचा, वर्षभर घराला आग लागत नाही. मंडळाच्या बायकांच्या पाती सुटू लागल्या. शाळेतल्या शिक्षिकांच्याही सुटू लागल्या. खजुराची पात गवतासारखी ऐकत नाही.

रत्नमालेने एकदा बघितलं. मग एक पात उचलली, नखाने तिची शीर काढली, मांडीवर दोनदा घासून नरम केली. दर पावसाळ्याआधी घर शाकारायला माडाच्या चुडतांचे झाप विणण्यात तिची बोटं तयार झालेली. मॉयराचा एक होईस्तोवर तिचे तीन झाले. घट्ट, सरळ, चारी हात सारखे.

"गुड लॉर्ड," मॉयरा म्हणाली आणि एक उचलून तिने उजेडात धरला. मग इंग्रजीत बरंच काही बोलली. सगळ्यांनी माना वळवल्या.

"काय म्हणता ती?"

ओर्ला सकाळपासून पहिल्यांदा हसली. "म्हणता, तिच्या गावात असो कोण करुक शकणा नाय. तिची आजी करी तसो आसा."

"आजीक नमस्कार सांग म्हणा," रत्नमाला म्हणाली, पण चौथा जरा जास्तच झोकात केला. "ही तुमची ब्रिजिड, ही देवी की साध्वी?"

ओर्लाने विचारलं. मॉयराने खांदे उडवले आणि उत्तर दिलं.

"आधी देवी होती, मगे साध्वी झाली. गायी राखी. दूद, लोणी, आग, बाळंतपण, सगळा तिच्याकडे."

"एकटी बाईमाणूस नि इतकी कामां. मगे खरीच असतली."

बायका हसल्या. रत्नमालेला वाटलं, होऊन जाईल आता. कापड उद्या कुठेतरी सापडल्यासारखं करू. गादीखाली, धुण्याच्या मशीनमागे. सुनेला कापड मिळेल, आपला शब्द राहील.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मुस्तफा, छातीशी उरलेल्या झावळ्यांचा भारा धरून. ओर्लाने मागितला नव्हता. पाहुण्या जास्त दिसल्या म्हणून त्याने आपण होऊन आणला होता. उल्का उठलीच.

"मुस्तफा, सुबह नीचे एक नीला कपडा मिला क्या?"

"नहीं मॅडम."

"सच बोलो. बादली में था, मैंने देखा."

"वो तो मेरा पुराना लुंगी है, मॅडम. फाड के गाडी का कपडा बनाया."

"लेके आओ वो. सबके सामने दिखाओ."

मुस्तफाने भारा खाली ठेवला नाही; तो तसाच छातीशी धरून उभा राहिला, साठीचा माणूस, बांगलादेशातल्या सिल्हेटहून येऊन याच इमारतीत अठरा वर्षं झालेली. "वल्लाह, मॅडम," तो हळूच म्हणाला. "इस घर का रोटी खाया मैंने."

"ताई, पुरे," देवेंद्र म्हणाला.

"पुरे काय? नसेल घेतलं तर दाखवायला काय जातं? नाहीतर मी मालकाच्या मंदूबला फोन करते, तो विचारेल."

मंदूब म्हणजे मालकाचा माणूस. त्याच्या एका शब्दावर मुस्तफाचा इकामा, इथे राहायचा परवाना. मुस्तफाने भारा अलगद दाराशी ठेवला, पाती पसरू नयेत म्हणून हाताने नीट केला आणि म्हणाला, "लेके आता हूं." त्याचे कान लाल झाले होते.

ते कान रत्नमालेने ओळखले. तिने पाहिले नव्हते, पण तीसेक वर्षं ऐकले होते. अर्दियाच्या वखारीत फोरमनचा विलायती रंधा हरवला, तेव्हा मोरेश्वराची पेटी सगळ्यांसमोर उपडी केली होती. पेटीत रंधा नव्हता. तरी चार दिवस त्याच्याशी कोणी बोललं नाही. पाचव्या दिवशी रंधा भुशाच्या ढिगात सापडला. ज्याने ठेवला त्याला माहीत होतं, आणि तो रोज मोरेश्वराच्या बाजूच्या खाटेवर झोपत होता. म्हातारपणी, पडवीत बसून, मोरेश्वर ते दर दोन-तीन महिन्यांनी काढायचा. पेटी उपडी केल्याचं नाही. "रंधो गावलो," म्हणायचा, "पण तेका तोंड नाय गावला." आणि दरवेळी रत्नमाला म्हणायची, कसली माणसां हीं, आवशीन जलम तरी कित्याक दिल्यान.

तिने हातातली पात खाली ठेवली.

हॉलमध्ये आता मॉयरा घाईघाईने काहीतरी सांगत होती, विषय बदलावा म्हणून. क्रूस झाले की शेवटचा रिवाज असतो. घरातली एक बाई दाराबाहेर जाते, ब्रिजिड होऊन. तीनदा थाप मारते, आत घ्या म्हणते. आतले सगळे तीनदा म्हणतात, ये बाई, हे घर तुझंच. मग दार उघडायचं. ओर्ला पोटुशी, तिने आतच राहायचं. बाहेर कोण जाणार?

"अक्षरा जाईल," उल्का म्हणाली.

"मी जातंय," रत्नमाला म्हणाली.

उल्काने तिच्याजवळ येऊन आवाज खाली केला. "आई, तू? अगं, ओटीचा दिवस आहे. या सगळ्या बसल्यात. तुला... म्हणजे, उगीच कोणी काही म्हणायला नको."

"कपाळाक कुंकू नाय म्हणान सांगतंस?"

"मी नाही म्हणत गं, लोक..."

"ती ब्रिजिड खंय सवाशीण होती? इचार तुज्या लोकांका." आणि रत्नमाला आपल्या खोलीत गेली. कपाटाचं दार करकरलं. ती परतली तेव्हा पदर खांद्यावरून पुढे ओढलेला होता आणि एक हात पदराआड. दाराशी पडलेल्या भाऱ्यातून तिने चार पाती उचलल्या, बाहेर गेली आणि दार आपल्यामागे ओढून घेतलं.

*

बाहेर लिफ्टपाशी मुस्तफा होता. खाली जाऊन आला होता. हातात ओलं, निळ्या चौकटींचं फडकं. उघडउघड लुंगीच.

"रुको," रत्नमाला त्याला म्हणाली. "इधर खडा रहो. मेरे बाजू में. अब मैं क्या बोलती, सुनो."

तिने दारावर थाप मारली.

"दार उघडा. मी ब्रिजिड. आत घेवा."

आतून गोंधळलेला, हसरा आवाज उमटला. आयरिश, मराठी सगळ्या एकदम: "ये गो बाय, घर तुजाच!" ओर्लाने त्यांना शब्द शिकवले होते.

दुसरी थाप. "लांबून इलंय. आत घेवा."

"ये गो बाय, घर तुजाच!"

तिसरी थाप तिने मारली, आणि बोलली नाही. दाराच्या लाकडाकडे बघत राहिली. असंच एक दार होतं, पाच वर्षांपूर्वी, देवगडच्या घराचं. उंबऱ्यात तांदळाचं माप, बाहेर हिरवा शालू नेसलेली गोरी पोर, आत स्वतः रत्नमाला, कमरेवर हात ठेवून. नाव घेतल्याशिवाय आत घेणार नाही. पोरीला उखाणा काय ते माहीत नव्हतं. अर्धा तास उभी होती उन्हात. गाल टोमॅटोसारखे झाले होते. हरली नाही. कोणाकडून तरी ओळी घोकून घेतल्या, आणि चुकतमाकत म्हणून, माप ओलांडून आत आली. त्या दिवशी रत्नमालेने बहिणीला सांगितलं होतं, कणा आहे पोरीला.

"आई?" आतून देवेंद्र.

"आयका," रत्नमाला म्हणाली. आवाज मोठा ठेवला, मागे बसलेल्यांनाही ऐकू जावा म्हणून. "दार उघडूच्या आधी आयका. कापड मुस्तफान घेवक नाय. वाऱ्यानय न्हेवक नाय. मी सोडलंय. काल दिवेलागणीक. बाळाचा कापड रातचा भायर ऱ्हवता नये म्हणान आत हाडलंय, डेटॉलात धुतलंय. तां काय होता तां माका सकाळी कळला. कळल्यारय गप रवलंय. बरणीच्या येळेक देवावर हात ठेवन शब्द दिलंलय, तो मोडलो म्हणान. आता मोडलो. सगळ्यांनी आयकला मा? उल्का, तू आयकलंस?"

आत मॉयराला कोणीतरी कुजबुजत सांगत होतं.

रत्नमालेने बाजूला बघितलं. "मुस्तफा, गलती मेरा. इन्होंने तुमको बोला, वो मेरे कारण. माफ करो."

मुस्तफाला काय करावं कळेना. "अरे अम्मा, अम्मा," तो म्हणाला आणि त्याने लुंगीचं फडकं पाठीमागे लपवलं.

आतून पावलं आली, जड, सावकाश. दारापलीकडे थांबली.

"आई," ओर्ला म्हणाली. "डेटॉल किती?"

"दोन झाकणां."

पलीकडून एक आवाज आला. हसणं की हुंदका, दारामुळे कळलं नाही. मग ओर्लाचा स्वर बदलला. "सातवा वर्स होता, आई. माज्या आवशीचा. माका भय वाटता. मागच्या टायमासारखा झाला तर?"

रत्नमालेने कापड पदराबाहेर काढलं. डेटॉलचा वास येत होता. असल्या प्रश्नाला उत्तर नसतं हे तिला ठाऊक होतं. दिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं तर ती आत्ताच टाकून आली होती.

"भय माकाय वाटता," ती म्हणाली. "पण एक सांगतंय. ह्या कापडाची एक रात माज्यामुळा हुकली. ती रात माज्यार. तुका हॉस्पिटलात न्हेतीत त्या राती मी तुज्या दाराभायर उबी रवतलंय. बसूचंय नाय. उजाडासर. ह्यो दुसरो शब्द. आनी तुका ठाऊक आसा, मी शब्द कितके देतंय तां."

आत कोणाचं तरी नाक ओढलं गेलं. बहुतेक उल्काचं.

"भायर नको," ओर्ला म्हणाली.

रत्नमालेच्या हातातल्या पाती चुरगळल्या. तिने मान खाली घातली नाही. तेवढं तिला जमलं.

"भायर उबी रवान काय करतलंस? एकच माणूस सोडतत भितर. तू ये." मग, थोडं बाजूला वळून, "ताई, रागावू नको हां."

"रागावते कशाला," उल्काचा जाड झालेला आवाज आला. "तिच्यापुढे डॉक्टरचं तरी काय चालणाराय."

हॉलमध्ये हसू फुटलं. रत्नमालेने दाराच्या मुठीकडे हात नेला. मूठ आतून धरलेली होती.

"थांब," ओर्ला म्हणाली. "अशी नाय. आदी नाव घे."

"काय?"

"नाव घे, मगे दार उघडतंय. माका अर्दो तास उन्हात उबी केलंलस."

"गो, माका आता नाव घेवक..." रत्नमाला थांबली. नऊ वर्षांत तिला कोणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. हळदीकुंकवात, लग्नात, बारशात, सगळ्या जणी नावं घेत आणि ती लांब बसून कोणाचं यमक चुकलं ते मोजी. मंडळाच्या सहा बायका आत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "घ्या हो काकू, आम्ही वाट बघतोय." मग दुसरी म्हणाली. मग मॉयरा आणि सगळ्या आयरिश बायका, काही न कळता, टाळ्यांच्या ठेक्यावर, "नाव घे! नाव घे!"

रत्नमालेने पदर सारखा केला. पाठ ताठ केली. एका हातात निळं कापड, दुसऱ्यात खजुराच्या पाती, बाजूला साक्षीला मुस्तफा. आणि देवगडच्या त्या घरात नवी नवरी म्हणून ज्या आवाजात एकदाच म्हणाली होती, त्या आवाजात म्हणाली:

"खजुराच्या पातीन विणलंय मी झाप,
मोरेश्वराचा नाव घेतंय, वलांडतंय माप!"

मूठ फिरली. दारात ओर्ला उभी होती, डोळे लाल, हनुवटी वर. तिने वाकून, पोट सांभाळत, तिळाच्या लाडवांची एक वाटी उंबऱ्यावर ठेवली. तांदूळ हाताशी नव्हते.

रत्नमालेने उजवा पाय पुढे टाकला आणि मागे न बघता म्हणाली, "मुस्तफा, चलो अंदर. पाव गरम है."